घरात ७६ हजार येतात, तरी जीव टांगणीला: दोष विचारांचा की हप्त्यांचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. वय ३६. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी, हातात ५८ हजार. पत्नी खासगी शाळेत शिकवतात, त्यांचे १८ हजार. पाथर्डी फाट्याला फ्लॅट, त्यावर ३२ लाखांचं कर्ज. दोन वर्षांपूर्वी आठ लाखांचं कर्ज काढून गाडी घेतली आणि डाउन पेमेंटला वडिलांच्या द्राक्षांचे दोन लाख घातले. महिन्याच्या वीस तारखेनंतर खात्यात काही राहत नाही. सिडकोत वडिलोपार्जित घरात राहणारे साडू ४५ हजारांत निवांत असतात. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की तुमची ‘मानसिकता गरिबीची’ आहे, बारा हजार भरून दोन दिवसांचं शिबिर करा, पैसा आपोआप ओढला जाईल. तुमचं विचारणं असं, की विचार बदलले की पैसा येतो हे खरं का? आणि सहा वर्षांत पगार जवळपास दुप्पट झाला तरी समाधान का नाही?

आधी साधी बेरीज-वजाबाकी करू. ३२ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण २७,७७०. गाडीचे आठ लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं: १३,०७५. दोन्ही मिळून ४०,८४५. ७६ हजारांतून ते गेले की उरतात ३५ हजार. साडूंना हप्ता नाही, म्हणजे त्यांच्या हातात सगळेच्या सगळे ४५ हजार. तुम्ही त्यांच्यापेक्षा ३१ हजार जास्त कमावता आणि दर महिन्याला मोकळा पैसा त्यांच्यापेक्षा दहा हजार कमी असतो. त्यांच्या निवांतपणात स्वभावाचा वाटा असेलही, पण त्याआधी ही वजाबाकी आहे. तेव्हा ‘माझ्याच डोक्यात काही बिघाड आहे’ हे पहिल्यांदा मनातून काढून टाका.

मग वृत्तीचा काही संबंधच नाही का? आहे, आणि मोठा आहे. पण जिथे सांगितला जातो तिथे तो नाही.

जे कुणाच्याच वृत्तीच्या हातात नसतं ते आधी बाजूला काढतो. घरखर्चच भागत नाही इतकं उत्पन्न असेल तर विचार बदलून काही होत नाही, तिथे कमाई वाढवावी लागते. घरात दीर्घ आजार असेल, माल काढणीला आलेला असताना निफाड-दिंडोरीत गारपीट झाली, व्यापारी माल उचलून पैसे न देता पसार झाला, तर त्या माणसाला सकारात्मक राहा म्हणणं हा त्याचा अपमान आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली. त्या पाच महिन्यांत लासलगावच्या बाजारात ज्याचा कांदा पडेल भावात गेला, त्याची मानसिकता चुकलेली नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘पैसा नाही म्हणजे विचार खोटे’ हे ऐकून चांगली कष्टाळू माणसं स्वतःला दोष देत बसतात.

आता जे हातात आहे त्याकडे येऊ. घरोघरचे हिशेब पाहताना मी पासबुकात एकच जागा आधी शोधतो: पैसा जमा झाल्यानंतरचे तीन दिवस. पगार असो, दिवाळीचा बोनस असो, नाहीतर द्राक्षाचं पेमेंट. माणसाची पैशाबद्दलची वृत्ती तिथे छापून आलेली असते. एका खात्यात १ तारखेला पगार आणि ३ तारखेला आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, दिसते, नंतर खर्च. दुसऱ्या खात्यात १ ला पगार, २ ला क्रेडिट कार्डाचं मागचं बिल, तेही ‘किमान रक्कम’ एवढंच, आणि ५ ला हप्ते. दोघांचा पगार सारखा असू शकतो. पहिल्याला ‘माझ्या पगारातला काही भाग आजचा नाही’ हे मनोमन मान्य आहे. दुसऱ्याचा पगार येण्याआधीच मागच्या महिन्याने खाल्लेला असतो. किमान रक्कम भरण्याची सवय असेल तर आधी ती मोडा: महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, आणि चक्रवाढीने ५१ टक्क्यांच्या घरात. त्यावर जीएसटी वेगळा. इतका परतावा देणारी गुंतवणूक जगात कुणी तुम्हाला खात्रीने देणार नाही, तेव्हा कार्डाची थकबाकी असताना एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरणं, सुरू करण्याला अर्थ नाही.

शिबिरात सांगतात तसं डोळे मिटून बंगला-गाडीचं चित्र पाहण्याबद्दलही सांगतो. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच विषयावर आयुष्यभर काम केलंय. जर्मनीत पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा त्यांनी दोन वर्षं मागोवा घेतला, तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ‘मला जमेल’ असा रास्त भरवसा असलेल्यांचं पुढे चांगलं झालं. पण गोड स्वप्नरंजनात जे जास्त रमले, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्यांची बोलावणी कमी आली आणि पगारही कमी मिळाले. कारण समजायला सोपं आहे: मनात यश आधीच उपभोगलं की अंगातली निकड कमी होते. भरवसा आणि स्वप्नरंजन या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण भरवसा असलेला माणूस पुढचं पाऊल टाकतो.

उपयोगी पडतं ते याच्या उलटं: अडचण आधी पाहायची आणि तिच्यासाठी ‘जर-तर’ ठरवून ठेवायचं. पैसा हातात आल्यावर विचार करायचा नाही, त्याच्या आधी करायचा. उदाहरणार्थ, ‘बोनस जमा झाला तर तिसऱ्या दिवसाच्या आत निम्मा दुसऱ्या खात्यात जाईल, मग उरलेल्यातून दिवाळी.’ हे वाक्य सप्टेंबरमध्ये दोघांनी बसून कागदावर लिहा. एमआयडीसीत बोनसच्या आठवड्यात मोबाइल आणि टीव्हीच्या दुकानांत गर्दी असते, तेव्हा हे ठरवायला बसलात तर ठरणार नाही.

तुमच्यासाठी नेमकं असं करा. दोन खाती वेगळी ठेवा, आणि दुसरं खातं दुसऱ्या बँकेत, त्याचं कार्ड आणि यूपीआय फोनवर नको. पगाराच्या तारखेनंतर तीन दिवसांनी ३,००० रुपये आपोआप तिकडे जाऊ द्या. तीन दिवस अशासाठी, की सुट्टी आली की पगार पुढे सरकतो. बहुतेक जण इथेच चुकतात: आरडी किंवा एसआयपीची तारीख २५ ठेवतात, खात्यात पैसे नसतात, व्यवहार परत जातो, बँक दंड लावते, असं दोनदा झालं की ‘आपल्याला बचत जमत नाही’ म्हणून माणूस बंदच करतो. वृत्तीचा दोष म्हणून जे नोंदलं जातं ती कित्येकदा तारखेची चूक असते.

३,००० फार कमी वाटतील, तरी दहा हजारांनी सुरुवात करू नका. दुसऱ्या महिन्यात मोडेल. त्याऐवजी पुढची पगारवाढ आजच वाटून टाका: वाढीव पगारातला निम्मा थेट बचतीला. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यात अशीच योजना लावली होती, निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. चाळीस महिन्यांत सहभागी कामगारांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात आलेला पैसा सोडणं जड जातं. अजून न आलेला सोडणं सोपं जातं. मनाच्या या खोडीशी भांडण्यापेक्षा तिला कामाला लावलेलं बरं.

पहिलं लक्ष्य एकच ठेवा: एका महिन्याचे हप्ते, म्हणजे ४१ हजार. महिना ३,००० आणि निम्म्या बोनसचे, समजा, २५ हजार धरले तर सहा महिन्यांत जमतात. एक पगार चुकला तरी बँकेचा फोन येणार नाही, एवढी खात्री झाली की झोपेत फरक पडतो, हे मी अनेक घरांत पाहतो. मग तीन महिन्यांचे. त्याच्या पुढे लांबची गुंतवणूक. महिना ५,००० वीस वर्षं, वर्षाला सरासरी दहा टक्के धरले तर सुमारे ३८ लाख होतात. पाच वर्षं उशीर केला तर सुमारे २१ लाख. भरणा फक्त तीन लाखांनी कमी, पण हातात सतरा लाख कमी. दहा टक्क्यांची हमी कुणी देत नाही, आणि इथेच वृत्तीची खरी परीक्षा होते. निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, जानेवारी २०२० मध्ये १२,३६२ वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. त्या आठवड्यांत घाबरून ज्यांनी एसआयपी थांबवली त्यांची स्वस्तातली खरेदी हुकली, आणि ज्यांनी पैसे काढले त्यांचा तोटा कायमचा झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये निर्देशांक पुन्हा जुन्या उंचीच्या वर होता. गंमत वाटेल, पण माझ्या पाहण्यात ज्यांनी एसआयपी थांबवली नाही, त्यांच्यात धाडसी माणसं फार नव्हती. बहुतेकांच्या घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता, त्यामुळे त्यांना हात लावायची गरजच पडली नाही.

आता वडिलांच्या बागेचं. तुम्ही एका ओळीत उल्लेख केलात, पण मला तो प्रश्नाचा मोठा भाग वाटतो. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो आणि खर्च वर्षभर असतो: एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग थिनिंग (मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), औषधांच्या फवारण्या, मजुरी. पेमेंट आलं की घर श्रीमंत दिसतं. मुलांच्या गाड्या, लग्नं, घराची वरची खोली याच आठवड्यांत ठरतात. सप्टेंबरअखेर मात्र औषधांच्या दुकानात उधारी लिहावी लागते.

आणि या ताणाचा डोक्यावर परिणाम होतो, हे नुसतं म्हणणं नाही. तामिळनाडूतल्या ऊसउत्पादकांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची ऊस तुटण्याआधी आणि पैसे मिळाल्यावर, अशी दोनदा बुद्धीची चाचणी घेतली. माणसं तीच, पण तंगीच्या दिवसांत चाचणीत स्पष्टपणे मागे पडली. पैशाची विवंचना डोक्यातली जागा खाते. तेव्हा ‘मानसिकतेमुळे गरिबी’ जेवढं खरं, त्याच्याहून ‘चणचणीमुळे मानसिकता’ जास्त खरं. याचा व्यवहारातला अर्थ असा, की मोठा निर्णय तंगीच्या महिन्यात घेऊ नये आणि पेमेंट आलेल्या आठवड्यातही घेऊ नये. जून-जुलै बरे.

वडिलांशी बोलून या हंगामापासून असं बसवा. पेमेंट वेगळ्या खात्यात घ्यायचं. त्यातून पहिल्यांदा पीककर्ज, बँकेच्या मुदतीच्या आत, कारण तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वेळेत फेडलं तरच पूर्ण व्याजसवलत मिळते. मग एप्रिलच्या छाटणीचा खर्च हाताशी ठेवायचा, आणि ऑक्टोबरच्या छाटणीचा आणि औषधांचा खर्च मागच्या वर्षीच्या बिलांवरून काढून छोट्या मुदतीच्या ठेवीत, ऑगस्टअखेर मोकळी होईल अशी. मग एक वाटा गारपिटीसाठी. जे उरेल त्याला बाराने भागा आणि दर महिन्याच्या ५ तारखेला वडिलांच्या रोजच्या खात्यात तेवढेच वळते करा. शेतकऱ्याला पगार सुरू झाला की घरातला सूरच बदलतो. तुम्ही लिहिलंय की गाडी घेतल्यापासून वडील कमी बोलतात. ते दोन लाख कदाचित त्यांच्या मनात फळछाटणीचे होते. विचारा त्यांना. परत देण्याबद्दल शेवटी लिहितो.

समाधानाबद्दल. तुमच्या गाडीचे हप्ते ८४ आहेत. नवी गाडी दारात आल्याचा आनंद किती महिने टिकला, आठवून पाहा. बहुतेक लोक चार-सहा महिने सांगतात. मग ती नुसती गाडी होते. मन प्रत्येक नव्या गोष्टीला सरावतं, बढतीला आणि फ्लॅटलाही. यात लालसा किंवा कृतघ्नपणा काही नाही, मनाची घडणच तशी आहे. म्हणून हौस करूच नये असं मी म्हणत नाही. हौसेचा हप्ता हौसेपेक्षा किती पट लांब आहे ते पाहावं, एवढंच. गोव्याच्या सहलीसाठी सहा महिने आधी साठवलं तर तेवढे महिने वाट पाहण्याचा आनंद वेगळा मिळतो; तीच सहल कर्जावर केली तर आल्यानंतर वर्षभर ती फेडायची.

पैशाने सुख वाढत नाही, असंही मी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन यांनी २०१० मध्ये, एका उत्पन्नानंतर रोजचा आनंद वाढायचा थांबतो, असं मांडलं होतं. २०२३ मध्ये त्यांनीच दुसऱ्या दोन अभ्यासकांबरोबर ते दुरुस्त केलं: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, जे इतर कारणांनी दुःखी आहेत, त्यांचं मात्र एका टप्प्यानंतर पैशाने फारसं भलं होत नाही. पैसा चिंता घालवतो. एकटेपणा, घरातला अबोला, सततची तुलना त्याने जात नाही. या गोष्टी पैशाखाली दबलेल्या असतात आणि पैसा आला की उघड्या पडतात.

तुलनेवर एकच उपाय मला खात्रीने लागू पडलेला दिसतो: मोजण्याचं माप बदलणं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी दिसते, त्याचा हप्ता दिसत नाही. तुम्ही दर तीन महिन्यांनी एकच आकडा फ्रीजवर लिहा: ‘आज दोघांचाही पगार थांबला तर घर किती दिवस चालेल?’ आज तो शून्याजवळ असेल. तो २० झाला, ४५ झाला, की शेजारच्या गाडीकडे पाहण्याची नजर हळूहळू बदलते. आणि जे आहे तेही हिशेबात धरा. पाथर्डी फाट्यावरून अंबडला दुचाकीने पंधरा मिनिटांत पोहोचता. संध्याकाळी साडेसहाला घरी असणं ही मिळकत आहे, फक्त तिची पावती मिळत नाही. पुण्यातली दहा हजार जास्तीची नोकरी घेण्याआधी ती लिहून पाहा.

घरातल्या बोलण्याबद्दल थोडं, कारण बहुतेक योजना इथेच मोडतात. महिन्यातून एकदा दोघांनी वीस मिनिटं बसायचं, जेवण झाल्यावर, हप्त्याच्या दिवशी नाही. बँकेचं अॅप दोघांसमोर. पहिल्या बैठकीत मागचे खर्च उकरायचे नाहीत, नाहीतर ती शेवटची बैठक ठरते. ‘तुझा पगार, माझा पगार’ हे शब्द नकोत, घरात ७६ हजार येतात असंच म्हणा. आणि दोघांना दीड-दीड हजार हातखर्च, ज्याबद्दल कुणी कुणाला विचारायचं नाही. हा हातखर्च लोक काटकसरीच्या नावाखाली रद्द करतात आणि मग लपवालपवी सुरू होते.

दुसऱ्या टोकाचीही एक वृत्ती असते, तुमच्या सासऱ्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ती तिथे दिसते. आयुष्यभराची बचत एकाच पतसंस्थेत, एक-दीड टक्का जास्त व्याज म्हणून, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला मात्र ‘कशाला एवढा खर्च’. भीतीने पैसा साठवलेल्या माणसाला तो खर्च करण्याची परवानगी स्वतःकडूनच मिळत नाही. त्यांना वृत्तीबद्दल काही बोलू नका. एवढं मात्र जरूर सांगा, की बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. रक्कम दोन-तीन बँकांत वाटा आणि ऑपरेशनचे पैसे वेगळ्या ठेवीत, ‘गुडघा’ असं नाव देऊन ठेवा. नाव दिलेला पैसा खर्च करताना हात कमी अडखळतो.

शिबिराचं माझं मत स्पष्ट आहे: नको. तुमच्याकडे टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा विमा, असल्याचा उल्लेख नाही. निर्व्यसनी, निरोगी ३६ वर्षांच्या माणसाला एक कोटीच्या विम्याचा वर्षाचा हप्ता कंपनी आणि मुदतीप्रमाणे साधारण १२ ते १८ हजारांत येतो. ३२ लाखांचं गृहकर्ज आणि मागे पत्नी-मुलं असताना ते बारा हजार तिथे जायला हवेत. अर्जात आजार किंवा तंबाखू लपवू नका, त्या कारणाने दावा नाकारला जाऊ शकतो.

शेवटी गाडी. विकू का, असं विचारलंत. दोन वर्षांचे हप्ते भरूनही अजून सुमारे ६ लाख २२ हजार मुद्दल बाकी आहे. बँकेकडून मुदतपूर्व फेडीचं पत्र मागवा, दंड लागत असेल तर त्यात त्याची रक्कम असेल. मग दोन-तीन ठिकाणी गाडीची किंमत विचारा. किंमत बाकीपेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी जास्त येत असेल आणि तुमचं काम दुचाकीवर भागत असेल, तर विका. दरमहा १३ हजार मोकळे होतील आणि त्यातले पाच हजार दर महिन्याला वडिलांना परत जाऊ द्या, चाळीस महिन्यांत दोन लाख पुरे होतात. किंमत कमी येत असेल तर विकू नका, तोटा खिशातून भरावा लागेल. मग गाडी ठेवा आणि दोन वर्षांत जसं जमेल तसं मुद्दल फेडा: दीड लाख एकदम भरले आणि हप्ता तोच ठेवला तर उरलेले ६० हप्ते ४३ वर येतात, व्याजाचे सुमारे ७५ हजार वाचतात. भरताना बँकेला ‘हप्ता कमी नको, मुदत कमी करा’ असं लेखी सांगा, नाहीतर बँक कित्येकदा हप्ताच कमी करून टाकते. वडिलांना मात्र दोन्ही परिस्थितींत आधी भेटा, रक्कम आणि तारीख सांगा, आणि पहिले पाच हजार या ऑक्टोबरच्या छाटणीआधी द्या.